नाल्यावरच्या जुन्या पुलावरून जड टिप्पर जातात : वजनाची मर्यादा कोण ठरवते आणि ती पाळायला कशी लावायची?

प्रश्न : ग्रामपंचायत सदस्य, समुद्रपूर तालुका, जि. वर्धा

नमस्कार मंडळी. आमच्या गावाला मुख्य रस्त्याशी जोडणारा मार्ग जिल्हा परिषदेच्या ताब्यातील ग्रामीण मार्ग आहे. रुंदी पावणेचार मीटर, वर डांबराचा पातळ थर आणि खाली सगळी काळी माती. गावाच्या अलीकडे नाल्यावर दगडी भिंतींवर काँक्रीटचा स्लॅब टाकलेला, साधारण सहा मीटर गाळ्याचा (दोन भिंतींमधील अंतराचा) जुना पूल आहे. पलीकडच्या शिवारात गिट्टी खदान सुरू झाल्यापासून दहाचाकी हायवा टिप्पर याच पुलावरून दिवसरात्र जातात. स्लॅबच्या खालच्या बाजूचे काँक्रीट जागोजागी सुटून गंजलेल्या सळ्या उघड्या पडल्या आहेत, आणि पुलाच्या तोंडाशी जोडरस्ता खचल्यामुळे प्रत्येक गाडी स्लॅबवर आदळूनच चढते. शाळेच्या मुलांची एसटीही याच पुलावरून येते.

ग्रामसभेने ठराव करून पुलाजवळ ‘जड वाहनांस प्रवेश बंद’ असा फलक लावला, परंतु एकही टिप्पर त्यामुळे थांबला नाही. चालक म्हणतात, या फलकावर कोणाचा आदेश क्रमांक आहे ते दाखवा. त्यांचे म्हणणे कायद्याने बरोबर आहे का? मर्यादा ठरवण्याचा अधिकार कोणाचा, ती किती टनांची असावी, आणि गावात वजनकाटा नसताना गाडीत किती माल आहे हे आम्ही कसे ओळखावे? मर्यादा लावल्यावर एसटीच बंद झाली तर गावकरी आम्हालाच दोष देतील, ही काळजीही आहे. जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

उत्तर १ : निवृत्त शाखा अभियंता, यवतमाळ

सदस्य महोदय, प्रथम रस्ता आणि पूल या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्यात, कारण जादा वजनाने दोघांचेही नुकसान होत असले तरी ते होण्याची रीत वेगळी आहे.

रस्ता हळूहळू मरतो. रस्त्याचे आयुष्य ८.१६ टनांच्या प्रमाणित आसाच्या (अ‍ॅक्सलच्या) किती फेऱ्या तो सोसेल यावर मोजतात, आणि एका आसामुळे होणारी हानी त्यावरील वजनाच्या साधारण चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते, असे १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत झालेल्या ‘आशो’ या रस्ते-चाचणीपासून धरले जाते. म्हणजे वजन दुप्पट झाले तर हानी सोळापट होते. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने चार टायरच्या एकेरी आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर आणि जोडआसाची (पाठोपाठ असलेल्या दोन आसांची मिळून) १९ टनांवरून २१ टनांवर नेली. एकेरी आसाच्या बाबतीत वजनातील ही वाढ जेमतेम तेरा टक्के दिसते, परंतु चौथ्या घाताने हिशेब केला तर रस्त्यावरची हानी सुमारे साठ टक्क्यांनी वाढते. आपल्या भागातील ग्रामीण रस्ते मुळात थोड्या वाहतुकीसाठी आखलेले असतात. कायदेशीर वजनाची गाडीही त्यांना जड जाते, मग क्षमतेपेक्षा जास्त भरलेल्या गाडीने काय होत असेल याची कल्पना करावी.

पुलाचे तसे नाही. पूल वर्षानुवर्षे काही दाखवत नाही आणि एखाद्या दिवशी एकाच गाडीने मोडू शकतो. जुने पूल कोणत्या भारासाठी बांधले होते हे म्हणून महत्त्वाचे ठरते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात ‘वर्ग अ’ नावाच्या भाराचे दोन मुख्य आस प्रत्येकी ११.४ टनांचे आणि एकमेकांपासून १.२ मीटर अंतरावर धरलेले आहेत, म्हणजे दोन्ही मिळून २२.८ टन. ‘वर्ग ब’ मध्ये हेच आस प्रत्येकी ६.८ टनांचे, म्हणजे मिळून १३.६ टन. आपला पूल वर्ग अ साठी बांधलेला आणि सुस्थितीत असेल, तर नियमात भरलेल्या टिप्परचा २१ टनांचा जोडआस त्याला पेलायला हवा. तो वर्ग ब चा असेल, तर नियमात भरलेली गाडीसुद्धा त्याच्यासाठी जड आहे.

येथे एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही.  सहा मीटरच्या आखूड गाळ्यात स्लॅबवर मुख्य भार येतो तो मागच्या जोडआसाचा. म्हणून लहान पुलावर लांबलचक ट्रेलरपेक्षा आखूड आणि ठासून भरलेला टिप्पर जास्त घातक ठरतो, आणि फलकावर गाडीच्या एकूण वजनाबरोबर आसभाराची मर्यादाही लिहावी लागते. रस्ताचिन्हांच्या मानकात लाल कड्याच्या वर्तुळातील या दोन्ही खुणा स्वतंत्रपणे दिलेल्या आहेत.

आपण लिहिलेला जोडरस्त्याचा खड्डा मला सळ्यांइतकाच गंभीर वाटतो. धावत्या गाडीच्या हादऱ्यासाठी आराखड्यातच काही टक्के वाढ धरलेली असते. वर्ग अ च्या सहा मीटर काँक्रीट गाळ्यासाठी ती साडेसदतीस टक्के येते. ही वाढ जोडरस्ता सपाट असेल असे गृहीत धरून काढलेली आहे. गाडी खड्ड्यातून उसळून स्लॅबवर आदळत असेल तर प्रत्यक्ष भार त्याहून वर जातो. तो खड्डा मुरूम आणि खडी दाबून तातडीने भरून घ्यावा, त्यासाठी कोणत्याही अधिसूचनेची वाट पाहण्याचे कारण नाही.

मर्यादा किती टनांची, हा आकडा मात्र मी येथून देणार नाही आणि कोणी देत असेल तर आपण तो घेऊ नये. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाच्या कार्यकारी अभियंत्याकडे पुलाच्या भारक्षमतेचे मूल्यमापन लेखी मागावे. त्यात स्लॅबची जाडी, शिल्लक सळ्यांचा व्यास, काँक्रीटची ताकद आणि दगडी भिंतींचा पाया हे सर्व तपासून आकडा निघतो. पायाकडे विशेष लक्ष द्यायला सांगा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि दोन एसटी गाड्यांसह अनेक जीव गेले. तेथे कारण जादा वजनाचे नव्हते, पुराच्या पाण्याचे होते. वजनाची मर्यादा पाया खचण्यापासून वाचवत नाही. पाणी स्लॅबला लागले की पूल सर्वांसाठीच बंद, हा नियम स्वतंत्रपणे हवा.

उत्तर २ : वकील, हिंगणघाट

अभियंता साहेबांनी तांत्रिक बाजू स्पष्ट केली आहे. मी फक्त अधिकाराच्या प्रश्नाविषयी लिहितो.

आदेश क्रमांक मागणारे चालक कायद्याने चुकीचे नाहीत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११५ नुसार रस्त्याच्या किंवा पुलाच्या स्वरूपामुळे अथवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी विशिष्ट प्रकारच्या वाहनांना बंदी किंवा निर्बंध घालण्याचा अधिकार राज्य शासनाचा, अथवा शासनाने त्यासाठी प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याचा आहे. आपल्याकडे वाहतूक वळवण्याचे किंवा जड वाहने बंद करण्याचे असे आदेश जिल्हाधिकारी काढतात, हे आपण वर्तमानपत्रांत वाचतोच. ग्रामसभेचा ठराव ही मागणी आहे, तो निर्बंध नव्हे. परंतु ती मागणी फार उपयोगाची आहे, कारण बांधकाम विभागाचा अहवाल आणि ग्रामसभेचा ठराव असे दोन्ही कागद जोडलेला प्रस्ताव जिल्हाधिकारी कार्यालयाला सहज बाजूला ठेवता येत नाही.

कलम ११५ मध्येच एक सोय आहे, जिचा गावांनी पुरेसा उपयोग केलेला नाही. निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त काळासाठी नसेल तर राजपत्रात अधिसूचना प्रसिद्ध करण्याची गरज नसते. परिस्थितीनुसार स्थानिक पातळीवर प्रसिद्धी दिली तरी चालते. पूल पडण्याच्या स्थितीत असेल तर आधी हा अल्पमुदतीचा आदेश मागावा आणि त्या महिन्यात भारक्षमतेचा अहवाल मिळवून कायम आदेशाचा प्रस्ताव पुढे न्यावा. आदेश निघाला की कलम ११६ अन्वये अधिकृत फलक लागतो, आणि त्या फलकावर आदेश क्रमांक व दिनांक लिहून घेण्याचा आग्रह धरावा.

आता दंडाविषयी. कलम ११३ नुसार नोंदणी प्रमाणपत्रावर लिहिलेल्या एकूण वजनापेक्षा जास्त वजनाची गाडी कोणत्याही रस्त्यावर चालवता येत नाही, मग तेथे फलक असो वा नसो. म्हणजे जादा भरलेल्या टिप्परविरुद्ध तक्रार करायला आपल्याला कलम ११५ च्या आदेशासाठी थांबण्याची गरज नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये या उल्लंघनासाठी वीस हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये अशी तरतूद आहे. शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च वाहनधारकावर येतो आणि तो उतरवल्याशिवाय गाडी पुढे जाऊ देता येत नाही. कलम ११५ चा आदेश मोडणाऱ्यालाही हेच कलम लागू होते. दंड भरून तोच जादा माल पुढे नेण्याची प्रथा बेकायदा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये परमजीत भसीन यांच्या याचिकेवरील निकालात स्पष्ट केले आहे. हा निकाल तक्रारीत नमूद करावा.

वजनकाटा गावात नाही, ही अडचणही कायद्याने सोडवलेली आहे. कलम ११४ प्रमाणे प्राधिकृत अधिकारी गाडी पुढच्या मार्गावरील कोणत्याही ठिकाणापासून दहा किलोमीटरच्या आत, किंवा गाडी पोहोचायच्या ठिकाणापासून वीस किलोमीटरच्या आत असलेल्या काट्यावर नेऊन मोजून घेऊ शकतो. जिनिंग किंवा बाजार समितीजवळचा काटा या अंतरात बहुतेक सापडतो. मात्र गाडी अडवण्याचा आणि मोजण्याचा अधिकार गावकऱ्यांना नाही. रस्त्यात बैलबंडी आडवी लावून टिप्पर रोखल्यामुळे तक्रारदारांवरच गुन्हे दाखल झाल्याची प्रकरणे मी चालवली आहेत. कृपया तसे करू नये.

उत्तर ३ : टिप्पर मालक, भंडारा जिल्हा

मी स्वतः या धंद्यात आहे, म्हणून काट्याशिवाय वजन कसे ओळखायचे ते सांगतो. हे सांगितल्याबद्दल आमच्यातील काही जण नाराज होतील, परंतु नियमात गाडी चालवू इच्छिणाऱ्या मालकाचे सर्वांत जास्त नुकसान ओव्हरलोड करणाऱ्यांमुळेच होते.

गौण खनिजाच्या (गिट्टी, वाळू, मुरूम यांच्या) वाहतूक पासवर मालाचे प्रमाण ब्रासमध्ये असते. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, अर्थात २.८३ घनमीटर. गिट्टीचा एक ब्रास साधारण सव्वाचार टन भरतो, वाळू किंवा मुरूम साडेचार टनांच्या आसपास जातो, आणि ओल्या वाळूचे वजन त्याहूनही जास्त. दहाचाकी टिप्परचे पासिंग, म्हणजे मालासह एकूण वजन, २८ किंवा साडेअठ्ठावीस टन असते आणि रिकामी गाडी साडेअकरा टनांच्या जवळपास असते. उरले सतरा टन. म्हणजे नियमाने या गाडीत चार ब्रासच गिट्टी बसते. पाच ब्रास असतील तर गाडी ओव्हरलोड आहे, आणि फाळक्याच्या वर फळ्या लावून सहा ब्रास भरले असतील तर एकूण वजन ३७ टनांवर जाते. वकील साहेबांनी सांगितलेल्या दराने आठ टन जादा धरले तरी दंड छत्तीस हजार होतो.

पासवर चार ब्रास आणि गाडीत सहा, असा प्रकार असेल तर तेथे स्वामित्वधनाचीही (रॉयल्टीची) चोरी आहे आणि तक्रार तहसीलदारांकडेही जाते. परिवहन कार्यालयाचे वायुवेग पथक (फिरते तपासणी पथक) रोज आपल्या रस्त्यावर येऊ शकत नाही, परंतु महसूल खात्याचे तलाठी आणि मंडळ अधिकारी जवळ असतात. आपण गाडीचा क्रमांक, वेळ आणि फाळक्याच्या वर आलेला माल दिसेल असे छायाचित्र पाठवले तर दोन खात्यांना कारवाईचा आधार मिळतो.

चालकाविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. गाडीत किती भरायचे हे तो ठरवत नाही. खदानीवर लोडर भरून देतो, ठेकेदार ब्रासप्रमाणे पैसे देतो, आणि मालकाला हप्ता भरायचा असतो. कमी भरले तर पुढची खेप दुसऱ्याला जाते. पुलावर चालकाशी भांडून काही साधत नाही. तक्रारीत मालक, खदानधारक आणि माल मागवणारा ठेकेदार यांची नावे आली पाहिजेत. कलम १९४ चालवणाऱ्याबरोबर चालवायला लावणाऱ्यालाही लागू आहे, हे माझ्यासारख्या मालकांनीही लक्षात ठेवावे.

उत्तर १ लिहिणारे अभियंता पुन्हा :

भंडाऱ्याच्या भाऊंनी दिलेले आकडे पुढे नेऊन पाहू. ३७ टनांपैकी पुढच्या आसावर आठ टन गेले तर मागच्या जोडआसावर २९ टन राहतात. वर्ग अ चे २२.८ टन यापुढे कमी पडतात. पूल आजवर टिकला आहे तो सुरक्षिततेसाठी ठेवलेल्या जादा ताकदीवर, आणि सळ्या गंजल्यामुळे तीच ताकद रोज कमी होत आहे.

खदानधारक नेहमी असे म्हणतात की, जास्त भरले तर खेपा कमी होतात, म्हणून रस्त्याला त्रासही कमी होतो. हे म्हणणे टिकत नाही. बारा ब्रास गिट्टी न्यायची असेल तर नियमाने तीन खेपा लागतात आणि ओव्हरलोड करून दोन. २१ टनांच्या जोडआसाच्या एका खेपेने होणारी हानी एक मानली, तर २९ टनांच्या खेपेची हानी चौथ्या घाताने साडेतीनपेक्षा जास्त येते. म्हणजे तीन खेपांत तीन, आणि दोन खेपांत सातच्या वर. हे गणित ग्रामसभेत फळ्यावर करून दाखवावे.

उत्तर ४ : शिक्षक, राजुरा तालुका, जि. चंद्रपूर

आमच्या भागात कोळसा आणि सिमेंटची वाहतूक पिढ्यानपिढ्या सुरू आहे, आणि पलीकडे गडचिरोलीत सुरजागडच्या लोहखनिजाच्या वाहनांमुळे आलापल्ली परिसरातील रस्त्यांची काय अवस्था झाली हे सर्वांनी पाहिले आहे. त्या अनुभवावरून दोन गोष्टी सुचवतो.

पहिली पावसाळ्याविषयी. काळी माती भिजली की फुगते आणि तिची भार पेलण्याची ताकद अगदी उतरते. जानेवारीत ज्या रस्त्यावर गाडी निभावून जाते, त्याच रस्त्यावर ऑगस्टमध्ये त्याच वजनाने चाकोऱ्या पडतात आणि डांबर कडेने फाटते. जून ते ऑक्टोबर या काळासाठी जड वाहतुकीवर वेगळा आणि कडक निर्बंध मागायला हरकत नाही. गिट्टीचा साठा पावसाळ्याआधी करून ठेवणे ठेकेदाराला शक्य असते; आजारी माणसाला दवाखान्यात नेणे मात्र पुढे ढकलता येत नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. खनिज कायद्यात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीनंतर प्रत्येक खनिजबाधित जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन झाले आहे, आणि गौण खनिजाच्या पट्टेधारकांकडूनही त्यात रक्कम जमा होते. बाधित भागातील रस्ते आणि पूल या निधीतून घेता येतात. निर्बंधाची मागणी करतानाच नव्या पुलाचा प्रस्ताव या निधीसाठी द्यावा, नाहीतर मर्यादेचा फलक लागतो आणि त्या फलकाखाली जुना पूल तसाच वर्षानुवर्षे राहतो. आमच्याकडे असे झालेले आहे. रस्ता नुकताच झालेला असेल तर माहिती फलकावर दोषदायित्व कालावधी (ज्या काळात बिघाड ठेकेदारानेच दुरुस्त करायचा असतो तो) पाहून घ्या. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेत तो पाच वर्षांचा असतो, आणि ओव्हरलोड वाहतूक रोखली नाही तर दुरुस्तीची वेळ आल्यावर ठेकेदार तेच कारण पुढे करतो.

प्रश्नकर्ते :

सर्वांचे मनापासून आभार. खड्डा भरण्याचे काम ग्रामपंचायतीतर्फे उद्याच सुरू करत आहोत आणि अर्जांचा मसुदा तयार होत आहे. दोन शंका राहिल्या. एसटीचे वजन किती धरायचे? आणि गावातील तरुणांची मागणी आहे की पुलाआधी लोखंडी कमान उभारून उंचीच कमी करावी, म्हणजे टिप्पर आपोआप अडतील. काही शेतकऱ्यांना मात्र भीती आहे की, मर्यादेमुळे त्यांचा सोयाबीन आणि खताचा ट्रकही गावात येणार नाही.

उत्तर १ लिहिणारे अभियंता :

दोन आसांची एसटी प्रवाशांसह साधारण सोळा टनांपर्यंत जाते, त्यात मागचा आस दहा टनांच्या आसपास. म्हणून कोणी घाईने पाच किंवा दहा टनांचा फलक लावला तर एसटी नियमाने बंद होईल. मूल्यमापन मागताना अर्जात स्पष्ट लिहावे की, एसटी, रुग्णवाहिका, अग्निशमन गाडी आणि शेतमालाची दोन आसांची वाहने सध्याच्या स्थितीत जाऊ शकतात का, हे वेगळे तपासून कळवावे. उत्तर ‘नाही’ असे आले तर ते स्वीकारावे लागेल. मग नाल्यातून तात्पुरता रपटा किंवा पर्यायी रस्ता मागावा; मुलांची गाडी धोकादायक पुलावरून चालू राहावी म्हणून आकडा वाढवून घेऊ नये.

शेतकऱ्यांची भीती बरीचशी दूर करता येईल. सोयाबीनची ट्रॉली ट्रॅक्टरसह नियमात भरलेल्या दोन आसांच्या ट्रकपेक्षा हलकी असते. कापसाच्या गाडीत माल उंच दिसतो, वजन मात्र कमी असते. खताचा दहाचाकी ट्रक अडेल, परंतु तोच माल दोन लहान गाड्यांत आणता येतो. आदेशात ‘जड वाहने’ असा मोघम शब्द न ठेवता आसभार आणि एकूण वजन टनांत लिहून घेतले, तर शेतकऱ्याच्या गाडीला विनाकारण अडवणूक होणार नाही.

कमानीविषयी माझा स्पष्ट नकार आहे. तीन मीटरची कमान टिप्परबरोबर एसटीलाही अडवेल, कडब्याची गाडी अडवेल आणि आगीच्या वेळी बंबही अडवेल. आणि कमान जरा उंच ठेवली तर टिप्पर खालून निघून जातील. उंचीवरून वजन कळत नाही, हे कापसाच्या गाडीवरून आपल्याला माहीतच आहे. शिवाय रस्ता जिल्हा परिषदेचा असल्याने परवानगीशिवाय उभारलेल्या कमानीला रात्री दुचाकीस्वार धडकला तर जबाबदारी ग्रामपंचायतीवर येईल. त्याऐवजी अहवाल येईपर्यंत पुलाच्या दोन्ही बाजूंना ‘एका वेळी एकच वाहन’ आणि ताशी दहा किलोमीटर वेग असे फलक लावण्याची मागणी त्याच अर्जात करावी, आणि उपअभियंत्यांना पुलाखाली उतरून स्लॅबची पाहणी करण्यासाठी नाल्याचे पाणी कमी असेल असा दिवस सुचवावा. पाहणीच्या वेळी आपण स्वतः हजर राहून टेकणाजवळ, म्हणजे स्लॅब भिंतीवर बसतो तेथे, तिरक्या भेगा आहेत का हे त्यांना दाखवावे. तशा भेगा आढळल्या तर अल्पमुदतीच्या आदेशाचा अर्ज त्याच दिवशी जिल्हाधिकारी कार्यालयात पोहोचवून पोच घ्यावी.